सीमा उघडली तेव्हाचं खोटं मरण

माझ्या नवऱ्याला माझ्या सासूबाईंनी मारलं. फोनवरून, दुपारच्या चहाची बशी हातात धरून. मी तिथेच शिलाई मशीनवर बसून एका बाईच्या ब्लाउजला अस्तर लावत होते. मला सगळं माहीत होतं, आणि खरं सांगते, मला हसू आवरत नव्हतं.

तेव्हा तो कुठे होता ते आधी सांगते. माझा नवरा ट्रक चालवतो. नाशकात आडगाव नाक्यापासून आमचं घर हाकेच्या अंतरावर, गॅलरीतून नाका दिसतो. गाडी दुसऱ्याची, मालकाला आम्ही शेठ म्हणतो. कांदा भरायचा, पार बांगलादेशाच्या सीमेपर्यंत न्यायचा, सीमा ओलांडून पलीकडच्या आवारात रिकामा करायचा आणि परत फिरायचं, हे त्याचं वर्षानुवर्षांचं काम. मग दोन देशांचं वाजलं. त्यांनी आमचा कांदा अडवला, आमच्याकडून त्यांचा कुठला तरी माल अडवला. आधी कोणी अडवला हे टीव्हीवर दोन्हीकडचे वेगवेगळं सांगत होते. ते काही का असेना, माझा नवरा गाडीसकट रांगेत अडकला. पुढे ट्रक, मागे ट्रक, मध्ये हा आणि त्याचा कांदा.

रोज सकाळी त्याचा फोन यायचा. आज गोण्यांना पाणी सुटलं, आज कोंब फुटले, आज पुढच्या गाडीतला कांदा ओतून दिला, असलंच सगळं. एकदा म्हणाला, "अगं, ताडपत्री काढली ना, तर वरच्या थरात सगळं हिरवंगार झालंय. गाडीवर शेत उगवलंय." तो हसला, मी पण हसले. फोन ठेवल्यावर मात्र अंधारात, कोणी पाणी न घालता उगवलेलं ते हिरवं माझ्या डोळ्यांसमोरून जाईना.

त्या मंगळवारी त्यानं आईला फोन केला आणि गंमत म्हणून सांगितलं, की मालाला वारा लागावा म्हणून गाडीवर चढून ताडपत्री सोडत होतो, तर एक कावळा येऊन माझ्या डोक्यावर बसला. चोच मारली नाही, ओरडला नाही, नुसता बसून राहिला. हातानं हाकलला तेव्हा कुठे उडाला.

सासूबाईंचा फोन कायम स्पीकरवर. त्यांनी बशी खाली ठेवली. "टाळूवर बसला?"

"मग काय गुडघ्यावर बसेल, आई?"

"हसू नको. कुणाकडं तोंड करून बसला व्हता?"

हे त्याला काय माहीत असणार? डोक्यावर बसलेला कावळा कुणाला दिसतो का? पण सासूबाईंचा चेहरा असा उतरला की बघवेना. त्यांचं माहेर नांदगावकडचं. तिकडे काय, आमच्या नाशकातही जुन्या बायका मानतात, की कावळा डोक्यावर बसला म्हणजे मरण त्या माणसाभोवती फिरतंय. त्यावर उतारा एकच. जवळच्या नातेवाइकाला त्या माणसाच्या मरणाची खोटी बातमी द्यायची. खोटी आहे हे त्याला कळता कामा नये. त्यानं खरंखुरं, ऊर बडवून रडायचं. मग संध्याकाळच्या आत सांगून टाकायचं, की खोटं होतं, आणि सगळ्यांनी गुळाचा खडा तोंडात टाकायचा. मरणाला त्याच्या वाटणीचं रडणं मिळालं, आता ते निघून जाईल, असा हिशेब.

मी म्हटलं, "आई, तो तिकडे ट्रकवर बसलाय आणि तुम्ही त्याला इथून मारताय."

"तू गप ऱ्हा. तुला नाय कळायचं."

आणि त्यांनी नांदगावला भावाला फोन लावला. माझ्या नवऱ्याचे मामा. पदर तोंडाला लावून त्या अशा काही हंबरल्या, की मशीनवरचा माझा पाय थांबला. "गेला रे दादा माझा पोरगा! रांगंतच गेला! परमुलखात गेला रे!" नाटक होतं, मला माहीत होतं. पलीकडे मामा रडायला लागले, मामी रडायला लागली, कोणीतरी दार आपटल्याचा आवाज आला. सासूबाईंनी फोन ठेवला, डोळे पुसले आणि राहिलेला चहा पिऊन टाकला. म्हणाल्या, "चांगले रडले."

आता इथे एक घोळ झाला. तो आमच्याच लोकांकडून व्हायचा. मामा एका पक्षाचे तालुक्यातले जुने कार्यकर्ते. आमच्याकडे माणूस रडतो तेव्हाही त्याचा एक हात मोबाइलवर असतो. मामांनी रडत रडतच पक्षाच्या ग्रुपवर टाकलं, की सीमेच्या वादात माझ्या भाच्याचा बळी गेला. सासूबाईंनी दिवेलागणीला फोन लावला तो लागलाच नाही. सारखा दुसऱ्या कॉलवर. लागला तेव्हा अंधार पडला होता.

"दादा, खोटं हाय. उतारा व्हता. गूळ खा."

मामा हळू आवाजात म्हणाले, "अक्का, आता कसा गूळ खाऊ? साहेब टीव्हीवर बोलून बसले."

मी टीव्ही लावला. खरंच. मामांच्या पक्षाचे साहेब माईकसमोर उभे होते आणि म्हणत होते, की नाशिकचा एक भूमिपुत्र सीमेवर तडफडून गेला, याचा जाब आम्ही विचारू. नाव, गाव सगळं बरोबर. फोटोही होता. दिराच्या लग्नातला, फेटा बांधलेला, शेजारची माणसं कापून काढलेली. मी फोन घेऊन त्याला लावला, म्हटलं बघ तुझा थाट. फोन लागला नाही. बंद होता.

आणि साहेबांचं बोलणं अर्ध्यावर तोडून टीव्हीवर दुसरी बातमी आली. वाद मिटला. दोन्ही देशांची बोलणी झाली, सीमा उघडली, कांद्याच्या गाड्या सोडायला सुरुवात. खाली रस्त्यावर लगेच फटाके सुरू झाले. मी पुन्हा फोन लावला, पुन्हा लावला. बंद. सासूबाई देवापुढे बसल्या होत्या, गुळाचा खडा वाटीत तसाच.

दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत नाक्यावर दोन फ्लेक्स लागले होते. एक सरकारवाल्या पक्षाचा. 'वाद मिटला, शेतकरी जिंकला', वर नेत्यांची मुंडकी आणि खाली कोपऱ्यात माझा नवरा, फेट्यात, हसणारा, 'सीमेवरचा आपला लढवय्या'. दुसरा मामांच्या पक्षाचा. तोच फोटो, तोच फेटा, पण फोटोला हार छापलेला आणि बाजूला समई. 'भावपूर्ण श्रद्धांजली. हा समझोता नव्हे, हा सौदा आहे.' दोन्ही त्याच दोन खांबांना, वरखाली बांधलेले. वर हार घातलेला, खाली बिनहाराचा. दोन्हीकडून तो माझ्याकडे बघत होता आणि मी भाजीची पिशवी घेऊन मध्ये उभी.

काय मिटलं, कसं मिटलं, हे मला कोणीच सांगू शकलं नाही. मी विचारलं बरं का, रांगेनं विचारलं. सरकारवाले म्हणाले, त्यांना वाकवलं. विरोधी म्हणाले, आपण वाकलो. एक अपक्ष भाऊ पेढे घेऊन आले, त्यांनी दोघांचंही अभिनंदन केलं. टीव्हीवर सहा चौकटींत सहा माणसं एकदम ओरडत होती. त्यांनी आपला माल किती घ्यायचा, आपण त्यांचा किती, कर किती, यावर कोणी चकार शब्द काढेना. नाक्यावर कांद्याचा ट्रॅक्टर घेऊन थांबलेला एक शेतकरी मात्र म्हणाला, "उघडली ना? मग झालं. भाव दोन दिवस टिकला तरी देव पावला." त्याच्याशी बोलून जरा बरं वाटलं.

मी आधी मामांच्या पक्षाच्या कार्यालयात गेले. म्हटलं, माझा नवरा जिवंत आहे, तो फ्लेक्स उतरवा. तिथल्या पोरसवदा कार्यकर्त्यानं मला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि अशा मऊ आवाजात बोलला की माझ्या टाळक्यात गेलं. "ताई, आम्ही समजू शकतो. सुरुवातीला असंच वाटतं."

"काय वाटतं?"

"की माणूस परत येईल."

"अरे बाबा, माझ्या सासूनं उतारा केला, कावळा बसला म्हणून!"

त्यानं मागे उभ्या असलेल्या माणसाकडे बघितलं. त्या माणसानं मान हलवली. मी उठून आले. मागून कोणीतरी म्हणालं, बिचारी. आयुष्यात पहिल्यांदा मला कोणी बिचारी म्हटलं असेल. आमच्या गल्लीत मला काय काय म्हणतात ते मला माहीत आहे, पण बिचारी कधीच नाही.

मग शेठकडे गेले. शेठ हुशार माणूस, गाडीला यंत्र बसवलेलं, ट्रक कुठे आहे ते त्याच्या मोबाइलवर दिसतं. त्यानं नकाशा काढून दाखवला. सीमेच्या रेघेपलीकडे एक निळा ठिपका. "हे बघ वहिनी, गाडी पलीकडे गेली. कालच संध्याकाळी सोडलेल्या पहिल्या लॉटमध्ये. म्हणजे तो आहेच."

"मग फोन?"

"तिकडे आपलं सिम नाही चालत."

"मग ठिपका हलत का नाही?"

शेठनं मोबाइल जवळ घेतला, लांब धरला. "रिकामी करत असतील." मग मोबाइल खिशात घालत म्हणाला, "गाडी तिथे आहे एवढं नक्की. आत कोण बसलंय ते यंत्राला कळत नाही."

असं कोणी सांगतं का एखाद्या बाईला? मी घरी आले ती हेच डोक्यात घेऊन. ठिपका आहे. आत कोण बसलंय ते कळत नाही.

इथून पुढचं सांगायला मला नकोसं होतं, कारण त्यात काही घडलंच नाही. म्हणजे सांगण्यासारखं काही नाही, आणि तरी ते दिवस डोक्यातून जात नाहीत. शेजारीण पिठलं-भाकरीचा डबा दारात ठेवून गेली. बेल वाजवली नाही. मयताच्या घरी चूल पेटत नाही म्हणून शेजारी डबा देतात, तसा. मी तो परत द्यायला गेले तर तिनं डोळ्यांत पाणी आणून दार लावून घेतलं. दूधवाल्यानं न सांगता एक पिशवी कमी केली. शिवायला टाकलेली कापडं बायका एकेक करून परत न्यायला आल्या. ती अस्तरवाली तर अर्धवट ब्लाउज, सुट्या बाह्यांसकट घेऊन गेली. म्हणाली, "लग्नाचं आहे गं, समजून घे. सुतक आहे ना." मी म्हटलं, सुतक तुझ्या डोंबलाचं! तरी तिनं बाह्या पिशवीत घातल्याच. आणि जाताना 'येते' म्हणाली नाही. कोणीच म्हणत नव्हतं. दुःखाच्या घरातून निघताना 'येते' म्हणायचं नसतं ना, पुन्हा त्याच कारणानं यावं लागू नये म्हणून. बायका आल्या की बसायच्या, माझ्या कपाळावरच्या टिकलीकडे बघायच्या, आणि काही न बोलता उठून जायच्या. भर दुपारी, उन्हात, दारं उघडी असताना माझं घर असं रिकामं होत गेलं.

मी ओरडायचे. माझा आवाज तसा पहिल्यापासून मोठा. "जिवंत आहे तो!" असं मी गॅलरीतून किती जणांना सांगितलं असेल. ज्यांना सांगितलं त्यांनी मान खाली घातली. मी जितकं ओरडावं तितकं ते माझ्याकडे जास्तच हळवं बघायचे. शेवटी माझाच आवाज मला खोटा वाटायला लागला. एका सकाळी मशीनवर बसले, टिकली नीट करायला आरशात बघितलं, आणि हात कपाळाशी तसाच थांबला. लावू का काढू, हे मला एका क्षणापुरतं कळलं नाही. मग मीच माझ्या थोबाडीत मारून घेतली. खरंच मारली. जोरात.

पण सगळ्यात वाईट म्हणजे सासूबाई.

पहिले दोन दिवस त्या माझ्याबरोबर होत्या. भेटायला आलेल्या बायकांना सांगायच्या, "आवं खोटं हाय, म्याच केलं." बायका म्हणायच्या, हो हो, काकू. तिसऱ्या दिवशी त्यांनी सांगणं बंद केलं. नुसत्या ऐकत बसायच्या. बायका त्यांच्या हातावर हात ठेवून रडायच्या आणि त्या त्या हाताकडे बघत राहायच्या. एका दुपारी मी स्वयंपाकघरात भाकरी थापत होते, बाहेरून मला त्यांचा आवाज आला. एका बाईला सांगत होत्या, की तो कसा गेला. रांगेत कसा गेला. छातीत कशी कळ आली, शेजारच्या गाडीवाल्यानं कसं पाणी पाजलं, तोंडातून ते कसं बाहेर आलं. बारीक बारीक, एकेक गोष्ट. मी पिठाच्या हातानं तशीच बाहेर आले.

"आई, काय सांगताय हे? तुम्हाला कोणी सांगितलं?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात माझ्याबद्दल राग नव्हता, कीव होती. "तू रडली नाय अजून," त्या म्हणाल्या. "रड बाई. असं कोंडून ठिवू नको."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते त्या मंगळवारच्या फोनवरचं नव्हतं. मला त्या दोन्ही रडण्यांतला फरक चांगला कळत होता. मी भिंतीला टेकून उभी राहिले. पहिल्यांदा वाटलं, हिलाच काही माहीत असेल तर? आईला कळतं म्हणतात. देवापुढच्या वाटीतल्या गुळाला मुंग्या लागल्या होत्या, तो मी दुपारी उचलून टाकला.

शनिवारी संध्याकाळी नाक्यावर दोन्ही पक्षांच्या सभा होत्या. मांडववाला एकच, खुर्च्या त्याच, माईक तोच. दोघांचं आपसांत ठरलेलं, आधी श्रद्धांजली, मग विजयसभा. तेवढा समझोता मात्र त्यांना बरोबर जमला. मला स्टेजवर बोलावलं. मी गेले, कारण माईक मिळणार होता. पहिल्या रांगेत मामा मान खाली घालून बसलेले. माझ्याकडे बघायची हिंमत नव्हती त्यांच्यात.

मी माईक हातात घेतला आणि म्हटलं, "माझा नवरा मेलेला नाही. यांनी मतं मागायला मारलाय त्याला. त्याची गाडी सीमेपलीकडे उभी आहे, कुणीतरी जाऊन बघा. तुमच्यातल्या एकानं तरी बघायला माणूस पाठवला का?"

मग साहेब उभे राहिले, माझ्या हातातून माईक अगदी अलगद काढून घेतला आणि गहिवरून म्हणाले, "ही आहे त्या माउलीची जिद्द! तिच्यासाठी तो आजही जिवंत आहे!" आणि टाळ्या पडल्या. समोरच्या सगळ्या खुर्च्यांमधून टाळ्या. मग दोन मिनिटं शांतता पाळायला सगळे उभे राहिले. मीही उभीच होते. त्या शांततेत नाक्यावरची वाहनंसुद्धा थांबली होती की मला ऐकू येत नव्हती, देव जाणे. साऱ्या गर्दीनं मान खाली घातलेली, आणि वर, फ्लेक्सवर, तो एकटाच हसत होता. मला वाटलं, आता तो असता तर त्यानंही मान खाली घातली असती. एवढी माणसं म्हणतायत तर खरं असेल, म्हणाला असता. साधा माणूस आहे तो.

शांतता संपली. मागच्या बाजूनं दुसऱ्या पक्षाचे लोक आले, समई उचलून ठेवली, त्याच खुर्च्यांवर बसले, आणि ढोल सुरू झाले.

रविवारी सकाळी त्याचा फोन आला.

"हॅलो, अगं मी. इकडे आलो परत. पलीकडे फोनच चालत नव्हता. बरा कांदा निवडून उतरवला, निम्मा सडका फेकला, कागदांना उशीर केला त्यांनी. तुमचं सगळं बरं ना?"

मी काय बोलले ते मला आठवत नाही. शेजारीण सांगते, की मी त्याला इतक्या शिव्या घातल्या की खालच्या दुकानापर्यंत ऐकू गेल्या. मग मी सासूबाईंच्या कानाला फोन लावला. "आई, बोला, तुमचा लेक आहे."

त्यांनी ऐकलं. तो तिकडून आई, आई करत होता, मला ऐकू येत होतं. त्यांनी फोन माझ्या हातात परत दिला आणि दबक्या आवाजात म्हणाल्या, "बंद कर. कुणीतरी त्याचा आवाज काढतंय."

तो आला तेव्हा सरकारवाल्यांनी त्याला नाक्यावरच गाठला. उघड्या जीपमध्ये उभा केला, हार घातला, पेढा भरवला. त्याला कोणी काही सांगितलेलं नव्हतं. जीप त्याच्या स्वतःच्या श्रद्धांजलीखालून गेली. तो फ्लेक्स कोणी उतरवला नव्हता, अजून पैसे वसूल व्हायचे असतील. मी गॅलरीतून बघत होते. त्यानं मान वर करून वाचलं आणि गळ्यातल्या हाराला हात लावला. मग तो घरी येईपर्यंत हार काढून हातातच धरून होता.

साहेबांचा माणूस दुपारी येऊन गेला. आनंद झाला म्हणाला. मग म्हणाला, ताई, भाऊंनी आठ-पंधरा दिवस फार बाहेर फिरू नये, लोकांच्या भावना आहेत. मी पायातली चप्पल हातात घेतली तेव्हा गेला.

पण सासूबाई. तो दारातून आत आला, वाकून पायांना हात लावायला गेला, आणि त्यांनी पाय मागे घेतले. चटका बसल्यासारखे. मग मला म्हणाल्या, "त्यांना पाणी दे."

त्यांना! पोटच्या पोराला!

मी चिडले, रडकुंडीला आले, त्याचा हात धरून त्यांच्या हातावर ठेवला. म्हटलं, बघा, गरम आहे. कांद्याचा वास येतोय. दाढेत चांदी भरलीय, बघा ना तोंड उघडून. त्या सगळं निमूट बघत होत्या. "हाय, बसू दे त्यांना," म्हणाल्या. "लांबून आलेत."

दोन आठवडे तो घरात होता. ताट वाढलं की म्हणायच्या, पाहुण्यांना आधी वाढ. तो अंघोळीला निघाला की दारामागून वाकून त्याचे पाय बघायच्या, उलटे तर नाहीत ना. डॉक्टरांनी तपासलं, म्हणाले, बाकी सगळं लख्ख आहे, धक्का बसलाय, वेळ द्या. खरंच लख्ख होतं. भाजीवाल्याशी घासाघीस करायच्या, पंचमी कधी ते सांगायच्या. एवढं एकच गेलं होतं. आणि माझा नवरा, एवढा बोलका माणूस, हळूहळू गप्प होत गेला. घरात पावलांचा आवाज करेनासा झाला. भांडं हळू ठेवायचा, खोकला आला तर बाहेर जाऊन खोकायचा. गल्लीतली माणसंही त्याच्याशी दोन शब्द बोलून घाईनं सुटायची. एकदा मी कापड बेतत होते, मान वर केली तर तो माझ्याजवळ उभा. कधी आला ते मला कळलं नव्हतं. मी दचकले. त्याच्या डोळ्यांत ते दिसलं त्याला, आणि तो म्हणाला, "तू पण?" एवढंच. मी कात्री टाकून त्याला मिठी मारली, पण मी दचकले होते, हे खरंच आहे.

मग शेठचा फोन आला. सीमा उघडी आहे तोवर जेवढा माल जाईल तेवढा घालायचा. पुन्हा बोलणी फिसकटतायत, टीव्हीवर पुन्हा तीच सहा माणसं सुरू झाली होती. त्याला मी म्हटलं, नको जाऊस. तो म्हणाला, "तिथे रांगेत निदान मागचा हॉर्न तरी वाजवतो माझ्यासाठी."

सकाळी गाडी भरून नाक्यावर आली. त्यानं बॅग घेतली, बूट चढवले. सासूबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. तो दारात थबकला. नेहमीप्रमाणे वाकला, पायांना हात लावला नाही, थोडा अलीकडेच जमिनीला लावला आणि कपाळाशी नेला.

सासूबाईंनी सूप खाली ठेवलं. त्याच्याकडे बघितलं, त्याच्या बॅगेकडे बघितलं, बुटांकडे बघितलं. आणि एकदम त्यांचा चेहरा उघडला. दोन्ही हातांनी त्यांनी त्याचं तोंड धरलं.

"कधी आलास रे पोरा?"

त्यानं माझ्याकडे बघितलं.

"किती वाळलास! आन लगीच कुठं निघाला? मी कवाची वाट बघत्ये. जेवून तरी जा की."

नाक्यावर शेठचा माणूस हॉर्न वाजवत होता. माझ्या नवऱ्यानं बॅग खाली ठेवली, बुटांच्या नाड्या सोडल्या.

"आत्ताच आलो, आई," तो म्हणाला.